बेलफोंला आलेले तीन नवरे

गुडघा सांभाळत गार्निए घोड्यावरून उतरला, आणि त्याची पाठ सरळ होण्याआधीच गुऱ्हाळाच्या ओट्यावरून त्याच्या वहिनीने, झाबेलने, विचारलं की तीन आणलेत की दोनच.

"तीन आणलेत," गार्निए म्हणाला.

"मला दोनच दिसतायत, भावोजी. एक उंच आणि एक श्रीमंत."

तिसरा खरोखरच मागे राहिला होता. त्याची म्हातारी कुत्री ओढ्याच्या पाण्याला बिचकली, म्हणून तिला कडेवर घेऊन तो पायी येत होता, आणि त्याचा घोडा रिकामाच इतरांबरोबर पुढे आला होता. गार्निएने हे सांगितल्यावर झाबेल आत गेली. जेवणाची ताटं होती तेवढीच ठेवा, एवढं सांगून आली.

दर वर्षी जानेवारीत तीन राजांच्या सणाला रोशमेरचं राजघराणं इथे बेलफोंला जमायचं. गार्निएच्या आजोबांनी समुद्र ओलांडून येऊन हे किनाऱ्यावरचं चिमुकलं राज्य मिळवलं, तेव्हा नदीकाठचा हा उसाचा मळा आणि पाणचक्कीवर फिरणारा चरक त्यांना आयताच मिळाला होता. हंगामातली पहिली साखर मातीच्या साच्यात थिजली, की तिचा सुळका राज्य करणाऱ्याने स्वतःच्या हाताने ठोकून बाहेर काढायचा आणि घरच्यांनी तिथेच उभ्याउभ्या फोडून खायचा, अशी रीत तेव्हापासून पडली होती. या वर्षी घरच्यांबरोबर बारा सरदारांची अख्खी सभा आली होती, बिशप आले होते, आणि राणीसाठी तीन नवरे आले होते. तीन राजांच्या सणाला तीन नवरे, ही गंमत गार्निएने वाटेत किमान सहा जणांच्या तोंडून ऐकली होती. सहाही वेळा तो हसला होता, कारण हा सगळा घाट त्यानेच घातला होता.

रोशमेरचा कायदाच तसा होता. जमीनजुमला असलेली बाई विधवा झाली, तर वर्ष आणि एक दिवस तिच्या दुःखाला द्यायचा. त्यानंतर सभेने तिच्यापुढे तीन पुरुष उभे करायचे आणि तिने त्यातला एक निवडायचा. सरदारांच्या लेकीसुनांना हा कायदा अनेकदा लागला होता. राणीला लावायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण रोशमेरला याआधी राणी अशी नव्हतीच, राजांच्या बायका होत्या. हेल्विस ही पहिली. गार्निएचा थोरला भाऊ, राजा एरार, दोन मुली मागे ठेवून गेला आणि त्यातली थोरली गादीवर बसली. तेव्हाही सभेने नवरा केल्याशिवाय मुकुट द्यायचा नाही असं बजावलं होतं, आणि तेव्हाही नवरा गार्निएनेच शोधला होता.

त्या नवऱ्याचं, जोफ्रुआचं, नाव आता घरात कोणी फारसं काढत नसे. देखणा होता, तलवारीला जबर होता. चार वर्षं राजा म्हणून मिरवला आणि पाचव्या वर्षी डोंगरापलीकडच्या अमिराशी झालेला तह मोडून चढाई करून गेला. दोन गड गेले, माणसं गेली, आणि तो स्वतः तिकडच्याच एका बुरुजात तापाने गेला. त्यानंतर हेल्विसने स्वतः डोंगराच्या खिंडीपर्यंत जाऊन अमिराच्या माणसांशी नवा तह केला. दोन वर्षं झाली त्याला. येत्या ईस्टरला तो तह संपत होता. सेनापती गार्निएच होता, पण त्याला साठावं लागलं होतं, गुडघा घोड्याच्या रिकिबीत धड पाय टाकू देत नव्हता, आणि ईस्टरनंतर स्वार घेऊन पुढे कोण जाणार या काळजीने त्याला झोप लागेनाशी झाली होती. म्हणून त्याने नोव्हेंबरच्या सभेत तो जुना कायदा वर काढला. राणीने लेंटचे उपास सुरू व्हायच्या आत नवरा निवडावा, नाहीतर राज्याचा कारभार तिच्या मेव्हण्याकडे, रेनिएकडे, सोपवावा, असं सभेने ठरवलं. सगळ्यांत गंमत अशी की हेल्विसने त्यावर भांडण काढलं नाही. बरं म्हणाली. एवढ्या सहज ती बरं म्हणेल हे गार्निएला अजूनही पटत नव्हतं.

ती त्याला काहिलीपाशी सापडली. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हाताला पाक चिकटलेला, आणि सीरियन गुळव्याशी पाक कधी उतरवायचा यावर वाद चाललेला. सव्वीस वर्षांची होती, बापासारखंच रुंद कपाळ आणि आईसारख्या काळ्याभोर आर्मेनियन भुवया. काकाला पाहून तिने हात चिपाडाला पुसला.

"काका, बसा. उभे राहू नका."

"मी ठीक आहे."

"तुम्ही ठीक नाही आहात. बसा." तो बसेपर्यंत ती थांबली. "आता खरं सांगा. या तिघांतला तुम्हाला कोण आवडलाय?"

थिबो, असं त्याने सरळ सांगून टाकलं. प्वातूचा, खानदानी, चाळीस स्वार स्वतःबरोबर घेऊन आलेला, दोन लढाया पाहिलेला. बोलताना गार्निएला आपलाच आवाज ओळखीचा वाटू लागला. हेच शब्द, याच क्रमाने, त्याने सात वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाबद्दल तरी उच्चारले होते.

"गेल्या वेळीही तुम्हीच पसंत केला होतात," हेल्विस म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. उलट ती हसत होती, आणि त्यामुळेच गार्निएला जास्त लागलं. ती परत काहिलीकडे वळली आणि गुळव्याला म्हणाली की आता उतरव, नाहीतर लाल होईल. गुळव्या म्हणाला, अजून थोडं. थोड्या वेळाने पाक खरंच लाल झाला, आणि गुळव्याने सगळा दोष लाकडांना दिला.

जेवण मळ्यातल्या मोठ्या पडवीत होतं. चण्यातलं मेंढीचं मटण, कोवळ्या कांद्याची कोशिंबीर, अंजिरं, आणि डोंगरातली थोडी आंबूस दारू. थिबो दिसायला खरोखर छान होता. त्याने आपल्या देशातल्या झुंजींच्या गोष्टी सांगितल्या, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कोणीतरी घोड्यावरून पडायचं, आणि ते कोणीतरी तो कधीच नसायचा. ओबेर्तो जिनोव्हाचा, पन्नाशीचा, गोलमटोल, बोलायला गोड. त्याच्या घराण्याची अकरा जहाजं होती. त्याने राणीला पोवळ्याची माळ दिली, राणीच्या आईला थोडी लहान माळ दिली आणि राणीच्या बहिणीला त्याहून थोडी लहान. माळांचा हा उतरता क्रम झाबेलने बरोबर टिपला आणि आपली माळ शेजारी बसलेल्या बिशपना दाखवायला दिली ती परत मागितलीच नाही.

तिसरा आला तेव्हा मटण संपत आलं होतं. आन्सो. मोंफ्लरचा. मोंफ्लर म्हणजे नाव मोठं, बाकी एक खडक, त्यावर एक बुरूज आणि खाली तीनशे शेळ्या. चाळिशीचा असेल. बायको बाळंतपणात जाऊन दहा वर्षं झाली होती. तो कमरेपर्यंत चिखलाने माखला होता आणि कुत्री त्याच्यापेक्षा स्वच्छ होती. त्याने उशिराबद्दल सगळ्यांची माफी मागितली आणि सगळ्यांत शेवटच्या बाकावर जाऊन बसला. कुत्री टेबलाखाली शिरली आणि थोड्याच वेळात, कशी कोण जाणे, राणीच्या पायाशी निघाली.

तिसरं नाव सभेला तीन आठवडे सुचलं नव्हतं. थिबो गार्निएचा, ओबेर्तो राणीच्या धाकट्या बहिणीचा, फिलिपाचा. तिसरा जो कोणी सुचवावा, त्याला यांपैकी एका बाजूचा विरोध व्हायचा. शेवटी झाबेलने आन्सोचं नाव घेतलं आणि त्याला मात्र कोणी नाही म्हटलं नाही. त्याची कोणाला भीतीच वाटली नाही.

जेवणानंतर फिलिपाने काकाला डाळिंबाच्या झाडांखाली गाठलं. बावीस वर्षांची, सहा महिन्यांची गरोदर, पण चाल अजूनही धावल्यासारखी. तिने आडपडदा ठेवला नाही. थिबोवर ताईचं मन बसणार नाही, हे तुम्हालाही दिसतंय, असं ती म्हणाली. तसं झालं तर तुमचे सात सरदार ओबेर्तोकडे वळवा. जहाजं आली म्हणजे आपल्याला समुद्राची काळजी नाही.

गार्निए म्हणाला की लढाई डोंगरातून येणार आहे, आणि डोंगरावर जहाजं चढत नाहीत. मग त्याने विचारलं की तिने एवढं मनावर का घेतलंय. ताईने कोणालाच निवडलं नाही तर कारभार तिच्याच नवऱ्याकडे येतोय ना?

फिलिपाने इकडेतिकडे पाहिलं. रेनिए दाढ दुखते म्हणून घरीच राहिला होता.

"काका, ते माणूस म्हणून फार चांगले आहेत," ती म्हणाली. "पण घरात स्वयंपाकीण त्यांचं ऐकत नाही. राज्य त्यांच्या हातात दिलंत तर ते मला चालवावं लागेल. आणि मला नकोय ते. मी लहानपणापासून ताईला बघतेय. ती पहाटे उठते आणि खलिते वाचत बसते. मला झोप आवडते."

गार्निएला हसू आवरेना. थिबो नाही तर ओबेर्तो, असं त्याने कबूल केलं. तिने त्याच्या कोटावरचं डाळिंबाचं वाळकं पान काढलं आणि गेली. तिची पाठ वळल्यावर त्याच्या लक्षात आलं की आन्सोचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

सभा साखर वाळवायच्या मोठ्या खोलीत भरली, कारण बारा सरदार मावतील अशी दुसरी जागा मळ्यात नव्हती. भिंतीलगत साच्यांच्या रांगा, प्रत्येकाच्या बुडातून खालच्या मडक्यात थेंब थेंब मळी गळत होती. एक पायरी वर राणीची खुर्ची. पायरीच्या कडेला, नेहमीप्रमाणे, गार्निएचं स्टूल. तिघं उमेदवार समोर बाकावर.

बिशपनी प्रार्थना म्हटली. मग हेल्विस उठली आणि म्हणाली की सभेचा कायदा तिला मान्य आहे. या तिघांतला एक ती आजच, इथेच निवडेल. सरदारांमध्ये सुटकेचा सुस्कारा उमटला. गार्निए मात्र तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला.

"त्याआधी सभेने एक शपथ घ्यायची," ती पुढे म्हणाली. "जो माझा नवरा होईल त्याला माझ्या घरात मान मिळेल, माझ्या शेजारी जागा मिळेल. मुकुट मिळणार नाही. शिक्का मिळणार नाही. सैन्याला हुकूम देता येणार नाही. मुकुट माझ्याकडे राहील, माझ्यानंतर माझ्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाईल, आणि मूल झालं नाही तर फिलिपाच्या मुलाकडे."

खोलीत एकच गलका झाला. असं कधी झालेलं नाही, कोणी म्हणालं. मग नवरा करायचा कशाला, दुसऱ्याने विचारलं, आणि बिशपनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो खाली बसला. गार्निएही उठला. सेनापती म्हणून उठला. ईस्टरला तह संपतोय, त्याने आठवण करून दिली. सैन्याला हुकूम देणारा कोणीतरी पाहिजे, आणि तो घोड्यावर बसू शकणारा पाहिजे.

"हुकूम मी देईन," हेल्विस म्हणाली. "आणि माझ्या वतीने सेनापती देतील. सेनापती आहेत की आपल्याकडे."

"राणीसाहेब, माझा गुडघा..."

"हुकूम गुडघ्याने देत नाहीत, काका."

दोनतीन जण हसले, आणि गार्निएलाही ओठ आवळून धरावे लागले. पण ती हसत नव्हती. तिने सभेला विचारलं की सव्वादोन वर्षांपूर्वीची, सप्टेंबरातल्या सान-मिशेलच्या दिवशीची बैठक कोणाकोणाला आठवते. सगळ्यांनाच आठवत होती. "तह मोडू नका, असं मी म्हणाले होते. तुमच्यापैकी नऊ जणांना ते पटलं होतं. नंतर मला येऊन सांगितलंत तुम्ही, की आम्हाला पटलं होतं. तरी तुम्ही सगळे त्याच्यामागे गेलात, कारण मुकुट त्याच्या डोक्यावर होता. तो मी माझ्या हाताने घातला होता. त्रेसष्ट माणसं परत आली नाहीत. त्यांच्या घरी मी गेले आहे, प्रत्येकाच्या. तुम्हाला माझं लग्न पाहिजे ना, मी करते. पण मुकुट मी दुसऱ्यांदा कोणाच्या डोक्यावर घालणार नाही."

सात वर्षांपूर्वी तो देखणा नवरा बोटीवरून उतरवून घ्यायला बंदरावर कोण गेलं होतं, हे गार्निएला चांगलं आठवत होतं. तो जमिनीकडे बघत राहिला.

मग तिने बाकावरच्या तिघांना विचारलं, की ही अट ऐकूनही कोण थांबायला तयार आहे.

ओबेर्तो आधी उठला. गोड हसून म्हणाला की घराण्याने त्याला राजा व्हायला पाठवलं होतं. नुसता नवरा तर तो दोनदा होऊन चुकला आहे. बेलफोंच्या साखरेसाठी जहाजं येतच राहतील, त्याला लग्नाची गरज नाही. त्याने इतक्या सफाईने माघार घेतली की फिलिपानेसुद्धा मान डोलावली. जाता जाता त्याने एका साच्यावर बोट टेकवून ते चाटलं आणि पसंतीने डोळे मिटले.

थिबो उठला तो लाल होऊन. त्याने राणीकडे पाहिलंच नाही, सरदारांकडे तोंड करून बोलला.

"बाईच्या पायरीखाली जन्मभर बसायला मी समुद्र ओलांडला नाही. दुसऱ्याच्या मुकुटाची राखण करत जो आयुष्य घालवतो, त्याला आमच्याकडे पुरुष म्हणत नाहीत."

बोलून झाल्यावर त्याला कळलं नाही की खोली एवढी गप्प का झाली. सगळे सरदार कुठेतरी भलतीकडे बघू लागले, कोणी साच्यांकडे, कोणी छताकडे. पायरीच्या कडेच्या स्टुलाकडे कोणीच बघेना. फक्त हेल्विस तिकडे बघत होती.

गार्निए उठला. गुडघ्यामुळे त्याला उठायला वेळ लागला, आणि कोणी हात पुढे केला नाही, कारण आत्ता तो हात त्याला आवडला नसता.

"बत्तीस वर्षं झाली," तो म्हणाला, "मी या पायरीखाली बसतो. आधी भाऊ वर होता. मग तिचा नवरा. मग ही. भावाच्या वेळी मीही तरणाबांड होतो, चाळीसच काय, दोनशे स्वार माझ्यामागे होते. लोक येऊन कानात सांगायचे की तूच बस वर. मी बसलो नाही. ही जागा मला कोणी दिली नाही, मी निवडली. तुमच्याकडे याला काय म्हणतात ते तुमचं तुम्ही ठेवा." थोडा दम घेऊन तो सभेकडे वळला. "राणीसाहेबांची अट मला मान्य आहे. शपथ पहिली मी घेणार. ज्यांना माझ्यामागून घ्यायची त्यांनी रांग लावा."

चूक कुठे झाली हे थिबोला बहुधा तेव्हाही कळलं नव्हतं. वाकून नमस्कार मात्र त्याने नीट केला आणि बाहेर गेला. गार्निएचे सात सरदार त्याच्यामागे गेले नाहीत.

आता बाकावर आन्सो एकटाच उरला. त्याची कुत्री राणीच्या पायरीवर पसरली होती. हे आत्ताच लक्षात आलंय अशा चेहऱ्याने तो उठला.

"आणि तुम्ही?" हेल्विसने विचारलं.

"मुकुटाचं मला काही नाही," तो म्हणाला. "मला टोपीसुद्धा टोचते. एक विचारायचं होतं. वसंतात करडं होतात तेव्हा महिनाभर मी गडावर गेलो तर चालेल का? नवीन गुराख्याला ते जमत नाही."

हसू फुटलं ते आधी बिशपना. हेल्विसने मात्र मोठ्या कष्टाने चेहरा सरळ ठेवला आणि दुसरा प्रश्न केला. ईस्टरला ती खिंडीत तहाला जाईल. तिकडच्यांनी तिला अडकवून ठेवलं तर तो काय करील?

आन्सोने डोकं खाजवलं.

"तुम्हाला आणायला जाईन. लढून नाही, मला लढणं बेतास बात येतं, तुमच्या काकांना विचारा. पण त्यांची बोली येते मला. अमिराचा जो कोठीवाला आहे ना, इस्माईल, त्याला मी अठरा वर्षं शेळ्या विकतोय. तो मला दर वेळी फसवायला बघतो आणि मी त्याला. त्यामुळे ओळख चांगली आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवलो आहे. तो मला दारात ताटकळत ठेवणार नाही."

सरदारांनी एकमेकांकडे पाहिलं. खिंडीपलीकडच्या कोणाच्या घरी जेवलेला माणूस त्या सभेत दुसरा नव्हता. गार्निएने आपल्या वहिनीकडे पाहिलं. झाबेल छताच्या तुळया मोजत असल्यासारखी वर बघत होती.

"तुमची इच्छा कोणी विचारलीच नाही," हेल्विस म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "तुम्हाला हे लग्न करायचंय का?"

आन्सो लाजला, चाळिशीचा माणूस कानापर्यंत लाल झाला. "खरं सांगू का? मी नाही म्हणायलाच आलो होतो. वाटेत सगळं पाठ केलं होतं, नम्रपणे कसं सांगायचं ते. आता तुमचं ऐकल्यावर नाही म्हणवत नाही."

आणि मग ती हसली. गार्निएने तिला असं हसताना भाऊ गेल्यापासून ऐकलं नव्हतं, डोकं मागे टाकून, हातांनी खुर्ची धरून. फिलिपाही हसत सुटली आणि पोट धरून भिंतीला टेकली. "मग हेच," हेल्विसने डोळे पुसत सभेला सांगितलं. "लिहून घ्या. मोंफ्लरचा आन्सो. आणि करडांचा महिनाही लिहा, नाहीतर नंतर ते म्हणतील ठरलं नव्हतं."

शपथ गार्निएने पहिली घेतली, पुस्तकावर हात ठेवून, प्रत्येक शब्द मोठ्याने. त्याच्यामागून अकरा जणांनी घेतली. बारावा कुरकुरत होता. फिलिपा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि हळूच काहीतरी बोलली. मग त्यानेही घेतली. काय बोललीस असं गार्निएने नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, शपथ घेतली नाहीत तर रेनिएचं राज्य येईल, एवढंच.

साखरेचा सुळका फोडायला सगळे अंगणात आले तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. गार्निएने झाबेलला गाठून विचारलं की हे तिसरं नाव तिने मुद्दामच दिलं होतं ना.

"मी संख्या भरली, भावोजी. तुमच्याच कायद्यात तीन होते."

त्याने हेल्विसलाही विचारलं, ती सुळक्यावर लाकडी हातोडी चालवत असताना. मायलेकींचं आधीच ठरलं होतं का? तिने मान हलवली. अट तिने जोफ्रुआच्या दफनाच्या दिवशीच मनात लिहून ठेवली होती, ती खरी. पण आन्सोबद्दल आईने फक्त एवढंच सांगितलं होतं की तो आरडाओरडा करत नाही.

"मला वाटलं तिघंही जातील," ती म्हणाली. "मग म्हणता आलं असतं, मी कायदा पाळला, नवरेच पळाले. निदान एक वर्ष तरी निघालं असतं. हा थांबेल हे माझ्या हिशेबातच नव्हतं, काका." पलीकडे आन्सो गुळव्यापाशी उभा राहून त्याच्या बोलीत काहीतरी विचारत होता, आणि सकाळी लाकडांना दोष देणारा गुळव्या आता त्याला चूक आपलीच होती असं कबूल करत होता. हेल्विस तिकडे बघत राहिली. "बरा आहे ना?" तिने विचारलं, आणि लहानपणी पहिलं शिंगरू निवडताना तिने असंच विचारलं होतं ते गार्निएला आठवलं.

"मला विचारू नकोस, पोरी," तो म्हणाला. "माझी पसंती तुला माहीत आहे."

तिने साखरेचा मोठा तुकडा त्याच्या हातात ठेवला, आणि मग राणीच्या आवाजात सांगितलं की सेनापतींनी उद्यापासून तिच्याबरोबर बसून खिंडीचा बेत आखायचा आहे, घोडा नको, खुर्ची चालेल. आणि आता बाहेर जाऊन मळ्यातल्या लोकांना बातमी द्यायची आहे. ते सकाळपासून वाट बघतायत.

बातमी सांगायचं काम कायम गार्निएचंच. भाऊ राजा झाला तेव्हा त्यानेच सांगितलं होतं. भावाला दोन मुली झाल्या, त्याही बातम्या त्यानेच दिल्या. आणि भाऊ गेल्याची. जोफ्रुआच्या डोक्यावर मुकुट ठेवला गेला तेव्हा याच फाटकाशी उभं राहून नवा राजा मिळाला म्हणून तोच ओरडला होता. तो फाटकाबाहेरच्या दगडावर चढला, या वेळी गुळव्याच्या खांद्याचा आधार घेऊन. चरक थांबवला होता. उसाच्या मोळ्यांवर, गाड्यांवर, चुलवणाच्या कडेला दीडेकशे माणसं होती, समुद्रापलीकडून आलेले फ्रँक, सीरियन, खालच्या गावातले मुसलमान शेतकरी. तोंडातली साखर त्याने घाईने गिळली.

"राणी लग्न करतेय," तो ओरडला. "मोंफ्लरच्या आन्सोशी." मग आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत त्याने तेच पुन्हा सांगितलं. शेळ्यावाला आन्सो, हे कळताच मागून कोणीतरी शिट्टी मारली आणि मुसलमान शेतकऱ्यांच्या घोळक्यात जोराचा हशा उठला. त्यांतल्या निम्म्यांनी त्याच्याशी घासाघीस केलेली होती.

चुलवणात चिपाडं सारणारी एक बाई पुढे आली. चेहरा काळा झालेला, हातात लांब आकडा. तिचा एक भाऊ त्या त्रेसष्टांत होता. गार्निए तिला ओळखत होता.

"म्हणजे परत राजा आला का?" तिने विचारलं.

"नाही. राजा कोणी नाही."

"मग राज्य कोण करणार?"

"जी करतेय ती," गार्निए म्हणाला.

बाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, त्याला खोटं बोलताना पूर्वी ऐकलंय का हे आठवत असल्यासारखं. मग ती मागे वळली आणि चरक सुरू करा म्हणून सगळ्यांवर ओरडली, कारण काहिलीतला पाक आटत आला होता.